ज्येष्ठांचा मध

आमच्या दादाला निवृत्तीनंतर ग्रंथ भेटले. भेटले म्हणजे त्यानं ते वाचले असं कुणी समजू नये. वाचायचा त्याला लहानपणापासून कंटाळा. शाळेत संस्कृतच्या तासाला तो पंचगंगेवर पोहायला जायचा आणि परीक्षेत राम शब्द चालवायला घेतला की द्वितीयेलाच रामाला वनवासात सोडून घरी यायचा. ग्रंथ त्याला मोबाईलवर भेटले, भगवी शाल पांघरलेल्या एका बुवाच्या तोंडून. त्या दिवसापासून आमच्या घरातल्या कुठल्याही बोलण्याचा शेवट एकाच वाक्यानं व्हायला लागला. "ग्रंथात हाय."

कुठल्या ग्रंथात, असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो "जुन्या" म्हणायचा आणि वर माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा की जणू मीच अडाणी. मी, जिनं उभा जन्म हायस्कूलमध्ये संस्कृत शिकवण्यात घालवला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण मी पोरांना फळ्यावर लिहून दिली, आणि माझ्याच सख्ख्या भावाचा पोहरा असा रिकाम्या आडातून भरून भरून वर येत होता.

राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत मी खालच्या मजल्यावर एकटी राहते, दादा आणि वहिनी वरच्या. दादानं नोकरी सगळी शिरोळकडच्या एका साखर कारखान्यात केली, वजनकाट्यावर. उसाच्या ट्रॉल्या काट्यावर घ्यायच्या आणि ट्रॅक्टरवाल्यांवर ओरडायचं, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. निवृत्त होऊन कोल्हापुरात आला तेव्हा काटा राहिला तिकडे आणि ओरडायची सवय तेवढी बरोबर आली. ओरडणार कुणावर? मुलगा बेंगळुरूला. वहिनी तशाही सगळं ऐकणाऱ्या. मग त्यानं झाडपाल्याला हुकूम सोडायला सुरुवात केली.

त्यांच्या गॅलरीत गुळवेल चढली ती थेट शेजाऱ्यांच्या डिशच्या तारेवर. कोरफड, अडुळसा, निर्गुडी, नाना जातींच्या तुळशी. रत्नागिरी रस्त्यानं कुठं जायची वेळ आली की मलकापुरात उतरून, रस्त्याकडेला मुळ्या विकत बसलेल्या माणसाकडून तो पिशवी भरून काहीतरी आणायचा. त्या मुळ्यांची नावं त्या माणसालाही सांगता येत नसत, पण दादाला घरी पोचेपर्यंत ती सुचलेली असत. मिक्सरमधून एकदा हिरडा फिरला की पुढचे चार दिवस वहिनींची खोबऱ्याची चटणी तोंडात धरवत नसे. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना त्यानं केसांसाठी माक्याचं तेल करून दिलं. केस होते तितकेच राहिले, उशीचे अभ्रे मात्र हिरवे झाले. माझ्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधला, तर तीन दिवस माझ्याजवळ मांजरसुद्धा फिरकलं नाही. आणि हा सगळा आठवडाभराचा काढा-चूर्णाचा संसार रविवारी मटणाच्या वासाबरोबर बंद असायचा. रविवारी ग्रंथांनाही सुट्टी.

माझा राग झाडपाल्यावर नाही, हे आधीच सांगते. आमची आईसुद्धा सुंठ उगाळायची, अडुळशाचा रस काढायची, पोट दुखलं की ओवा चावायला द्यायची. पण आई कधी ग्रंथाचं नाव घ्यायची नाही. गुण आला तर आला म्हणायची, नाही आला तर पदर खोचून आम्हाला दवाखान्यात न्यायची. दादाचं तसं नव्हतं. त्याच्या औषधाला गुण यायलाच हवा, कारण गुण नाही आला तर ग्रंथ खोटा ठरतो, आणि ग्रंथ खोटा ठरला तर दादा.

तरीही मी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण वरच्या मजल्यावर वहिनी होत्या, आणि वहिनींना बीपी होतं.

वहिनींचं माहेर मलकापूरजवळचं. त्यांच्या आईला बीपीनंच अर्धांगवायू झाला. त्या आईला वहिनींनी लग्नानंतरही महिनोन्‌महिने जाऊन भरवलंय, कुशीवर वळवलंय, तिचं वाकडं झालेलं तोंड पुसलंय. म्हणून वहिनी कधी कशाला घाबरल्या नाहीत, पण त्या एका गोष्टीला फार घाबरायच्या. बीपीची गोळी त्या देवाच्या दिव्यासारखी वेळेवर घ्यायच्या. दादानं ती गोळी बंद करायचा विषय काढला तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याला सरळ नाही म्हटलं. दादानंही ते ऐकलं, हे त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवते. गोळीला त्यानं हात लावला नाही. गोळीच्या जोडीला मात्र तो आपलं घोडं दामटत राहिला.

उन्हाळ्याच्या शेवटी वहिनींना खोकला झाला. दादा महाद्वार रोडकडच्या अत्ताराकडून ज्येष्ठमधाच्या काड्या घेऊन आला, त्या ठेचून उकळल्या आणि वहिनींना फुलपात्रभर काढा दिला. खोकला आठवड्यानं गेला. न पिता सात दिवसांनी गेला असता. पण दादाला गुण सापडला होता. आणि मग एका सकाळी तो माझ्याकडं चहाला आला तो चेहरा उजळूनच. त्याला नावाचा उलगडा झाला होता.

"ज्येष्ठमध. नावातच सगळं सांगितलंय बग," तो म्हणाला. "ज्येष्ठ. म्हंजे ज्येष्ठ नागरिक. ज्येष्ठांनी घ्यायचा मध. पोरासोरांसाठी न्हवंच ते. साठीच्या पुढं रोज घ्यायचं. ग्रंथात हाय."

मी त्याला शांतपणे सांगितलं की मूळ शब्द यष्टिमधु. यष्टी म्हणजे काठी. गोड काठी, एवढाच त्याचा अर्थ. लोकांच्या तोंडी घासून घासून यष्टीची ज्येष्ठ झाली. त्यात नागरिक नाहीत, संघ नाही, रेल्वेची सवलत नाही. दादानं चहा संपवला, कप बशीत उपडा घातला आणि म्हणाला की मास्तरणीला व्याकरण कळतं, शास्त्र कळत नाही.

इथवरही ठीक होतं. पण त्याला हा शोध घरात मावेना. आमच्या भागातल्या बागेत संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक जमतात. निवृत्त तलाठी, निवृत्त बँकवाले, निवृत्त मुख्याध्यापक. सगळ्यांना काही ना काही दुखणं आहे आणि ऐकायला कुणी नाही. असं गिऱ्हाईक दादाला दुसरीकडं कुठं मिळणार? एका संध्याकाळी त्यानं तिथं उभं राहून ज्येष्ठमधावर भाषणच ठोकलं. आपल्या पूर्वजांनी आपली आठवण ठेवून एका मुळीला आपलं नाव दिलं, आणि आपण करंटे ती अत्ताराच्या बरणीत सडू देतोय, असा एकूण सूर. म्हातारे माना डोलवत होते. एकानं डोळे पुसले.

मी बाकावरून उठले. माझ्यानं राहवेना. यष्टी, काठी, अपभ्रंश, सगळं नीट समजावून सांगितलं, नववीच्या वर्गाला सांगावं तसं. दादा ऐकत होता. माझं झाल्यावर त्यानं सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं.

"काठी तर काठी," तो म्हणाला. "काठी कुणाच्या हातात असतीया? ज्येष्ठांच्याच की."

बाग हसली. टाळ्या पडल्या. निवृत्त मुख्याध्यापकांनीसुद्धा टाळी वाजवली, ज्यांनी मला आयुष्यभर उत्कृष्ट शिक्षिका म्हणून मिरवलं होतं. मी घरी आले आणि रागानं न जेवता झोपले. इतक्या वर्षांच्या पाठांतरावर एका काटेवाल्यानं एका वाक्यात पाणी ओतलं होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते वाक्य चांगलं होतं.

त्यानंतर ज्येष्ठमधाला आमच्या इमारतीत राजमान्यता मिळाली. वहिनींना खोकला राहिला नव्हता, पण काढा राहिला. सकाळी एक फुलपात्र, संध्याकाळी एक. वरून चिमूट चिमूट चूर्ण दुधातून. मी एकदा त्या बाजूला गेले होते तर अत्तारानं मला ओळखून विचारलं, तुमचे दादा ह्याचं लोणचं घालतात काय? मी म्हटलं, लोणचंच घालतात, आमच्या वहिनींचं. तो हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला उदबत्ती बांधायला लागला. त्याला काय, बरणी रिकामी झाली की त्याचं काम झालं.

वहिनींना मी सांगून बघितलं. तो पाठ फिरवेल तेव्हा बेसिनमध्ये ओता आणि प्याले म्हणून सांगा. त्या नुसत्या हसायच्या. एकदा म्हणाल्या, गोड लागतं हो वन्सं, वाईट न्हाय. मग मीही नाद सोडला. म्हटलं, गोड काडी उकळून प्यायल्यानं काय आकाश कोसळणार आहे? फार तर पैसे पाण्यात.

पावसाळा झाला, गणपती झाले. वहिनींचे पाय संध्याकाळी सुजायला लागले. जोडवी रुतायची, चपलेचा पट्टा पुढच्या भोकात जाऊन बसला. बीपी तपासलं तर वाढलेलं. दादा त्यांना घेऊन दवाखान्यात गेला, स्वतः बाहेर मोबाईल बघत बसला, आणि डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. बीपी पुन्हा वर. पुन्हा गोळी बदलली. दादानं आमच्या सगळ्यांपुढे निष्कर्ष काढला की गोळ्यांत दम नाही, म्हणून काढा थोडा दाट करायला हवा. आणि त्यानं तो केला. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस मी पुष्कळ बघितलाय, पण बायकोच्या सुजल्या पायांकडं बघून आणखी हळद लावून घेणारा हा एकच.

दिवाळीचा फराळ वहिनींनी केला, पण चकलीचा सोऱ्या दाबताना त्यांच्या हातात बळ राहायचं नाही. पोटऱ्यांत गोळे यायचे. वय झालं, असं त्या म्हणायच्या. आणि मग एका दुपारी त्या भाजी घेऊन जिना चढत होत्या आणि माझ्या दारासमोर बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या. पिशवीतली वांगी खाली घरंगळत गेली. मी दार उघडलं तेव्हा त्या भिंतीला टेकून स्वतःच्या हाताची बोटं उघडझाप करून बघत होत्या.

"पाय उचलंनात, वन्सं," त्या म्हणाल्या. मग तोंड माझ्याकडं करून, अगदी हळू, "तोंड वाकडं झालंय काय बघा माझं."

नाही झालं, मी म्हटलं. मी ते दोनदा म्हटलं, कारण त्यांच्या डोळ्यांत त्यांची आई होती. समोरच्या बाईंनी रिक्षा थांबवली, आम्ही दोघींनी त्यांना धरून खाली नेलं. दादा बागेतून मागाहून हॉस्पिटलात आला. वाटेत तो घरी जाऊन आला होता. हातात तांब्याचं भांडं होतं आणि भांड्यात काढा. तिथं, त्या दारात, मला त्या माणसाची इतकी चीड आली की भांडं हिसकावून त्याच्याच डोक्यावर उपडं करावं.

डॉक्टर पोरसवदा होती, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढी. तिनं रक्त तपासायला पाठवलं, हृदयाचा आलेख काढला, आणि रिपोर्ट आल्यावर आम्हाला दोघांना बोलावून सांगितलं की अर्धांगवायू नाही. पण रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीखाली गेलंय, हृदयाचे ठोके बिघडायला लागलेत, आणखी चार दिवस काढले असते तर काही सांगता आलं नसतं. मग तिनं विचारलं, घरी गोळ्यांखेरीज काही घेतात का, आयुर्वेदिक, घरगुती, काहीही. दादाची छाती फुगली. त्यानं एकेक नाव सांगायला सुरुवात केली, जणू सत्काराला उभा आहे. गुळवेल, आवळा, अश्वगंधा. ती ऐकून घेत होती. ज्येष्ठमध म्हटल्याबरोबर तिनं त्याला तिथंच अडवलं.

किती, तिनं विचारलं. सकाळ-संध्याकाळ फुलपात्र भरून, तो म्हणाला. कधीपासून? पावसाळ्याच्या आधीपासनं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि मोठ्या सभ्यपणानं सांगितलं की थोड्या दिवसांच्या खोकल्याला चिमूटभर ठीक, पण हे असं रोज घेतलं की अंगात पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. बीपी असलेल्या माणसाला तर हे द्यायचंच नाही. आमची गोळी खाली ओढत होती काका, आणि तुमचा काढा वर. जुन्या वैद्यांनीसुद्धा मात्रा सांगितलेली असते, असंही ती म्हणाली.

दादा म्हणाला, "पण ते ज्येष्ठांसाठीच हाय न्हवं?"

डॉक्टरला काही कळलं नाही. मला कळलं. बागेतल्या टाळ्यांपासून मी ज्या क्षणाची वाट बघत होते तो हाच. यष्टी म्हणजे काठी, दादा. बस, एवढं म्हणायचं होतं, आणि ही काठी त्याच्या पाठीत बसली असती. मी त्याच्या हातातलं भांडं घेतलं आणि बाहेरच्या मोरीत ओतून आले. परत आले तेव्हा तो मोकळ्या हातांनी तसाच उभा होता आणि हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या अंगात थोडं बळ आलं. सलाईन चालू होतं. दादाला मी जेवायला घरी हाकललं होतं. मी त्यांना विचारलं, दवाखान्यात इतक्यांदा गेलात, तिथं कुणी विचारलं नाही काय, घरी काही घेता का म्हणून? वहिनी म्हणाल्या, दर खेपेला विचारायचे.

"मग?"

"न्हाय म्हणून सांगायची मी."

मला वाटलं, नवऱ्याच्या धाकानं. माझा हात तिथंच शिवशिवला. पण त्यांनी मान हलवली. धाक नव्हता. सांगितलं असतं तर डॉक्टरांनी बंद करायला लावलं असतं, म्हणून नाही सांगितलं. इतका गोड लागत होता काय तो काढा?

वहिनी छताकडं बघत बोलल्या. "लगीन होऊन आल्यापासनं ह्यांनी मला कधी पाण्याचा तांब्या उचलून दिला न्हाय वन्सं. बाळंतपणातबी न्हाय. आन ह्या काढ्यापायी माझ्या आधी उठायचे. गॅस पेटवायचे. गाळायचे. उशाशी येऊन म्हणायचे, ऊठ, गार हुतंय. एवढं कुणी सोडंल काय?"

माझ्याकडं प्रत्येक गोष्टीवर एक म्हण तयार असते, पण यावर नव्हती. मला रडू आलं आणि ते मी त्यांना दिसू दिलं नाही, कारण त्या माझी समजूत काढत बसल्या असत्या.

वहिनी घरी आल्या. बीपी उतरलं, पाय उतरले, जोडवी सैल झाली. दादानं बरण्या रिकाम्या केल्या, चूर्णाच्या पुड्या कचऱ्यात टाकल्या, बुवाला मोबाईलमधून काढून टाकलं. गुळवेल मुळासकट उपटली, तेव्हा शेजाऱ्यांना कितीतरी महिन्यांनी स्वच्छ टीव्ही दिसला. सुंठेवाचून खोकला गेला म्हणायचा. मला आनंद व्हायला हवा होता.

पण एका सकाळी मी साखर मागायला वर गेले तर काय दिसलं? हॉस्पिटलातून आलेली बाई ओट्याला एका हातानं धरून चहा करत होती, आणि हा महापुरुष खुर्चीत बसून बातम्या बघत होता. "चहा," असं तो तिकडूनच म्हणाला, पूर्वी म्हणायचा तसंच. माझा खरा संताप तिथं झाला. बायकोला आजारी पाडायला हा माणूस अंधारातून उठत होता, आणि बरी झालेल्या बायकोला एक कप चहा करून द्यायला त्याला पाय नव्हते.

मी त्याला गॅलरीत बोलावून चांगलं फैलावर घेतलं. ऊठ आणि तिला काहीतरी करून दे. काढा नको, चहा दे, पेज दे, काय वाटेल ते दे. दादा रिकाम्या कुंड्यांकडं बघत होता.

"माझ्या हातचं नको तिला काय," तो म्हणाला. "परत काय तरी हुईल."

म्हणजे आळस नव्हता, भीती होती. मला क्षणभर त्याची दया आली. ती मी लगेच आवरली, कारण दयेनं या माणसाचं काही होण्यासारखं नव्हतं. मी सांगितलेलं त्याला जन्मात पटलं नाही. डॉक्टरनं सांगितलेलं पटलं ते फक्त घाबरून. त्याला खरं पटतं ते एकाच ठिकाणाहून आलेलं, हे मला एव्हाना कळून चुकलं होतं.

मी खाली आले आणि कामाला बसले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या श्लोकांचे अन्वय लावले, स्वतः एक ओळ कधी रचली नव्हती. दुपारपर्यंत गुरू-लघू मोजत बसले. पूर्ण श्लोक काही साधेना, अर्धाच जमला. अर्ध्या हळकुंडाचं आमच्या घराण्याला वावडं नाही. संध्याकाळी वर गेले, दादासमोर बसले, आवाज वर्गातला लावला आणि म्हटलं:

"पत्युर्हस्ताज्जलं पथ्यं पत्न्यै प्रातर्दिने दिने."

दादानं टीव्हीचा आवाज कमी केला. ह्याचा अर्थ काय, त्यानं विचारलं. मी सांगितलं की पतीच्या हातचं पाणी पत्नीला रोज सकाळी पथ्यकर असतं. कोमट करून द्यायचं, ती उठायच्या आधी, उशाशी नेऊन.

"नुसतं पाणीच? आत काय टाकायचं न्हाय?"

"टाकलं की गुण जातो. पुढच्या ओळीत तसं स्पष्ट आहे."

त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं. काट्यावर ट्रॉलीत ओला पाला भरून आणणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडं बघत असेल तसं.

"कंच्या ग्रंथात हाय?"

"जुन्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून वर सकाळी गॅस पेटायला लागला. लायटरचा आवाज मला खाली अंथरुणात ऐकू येतो. पंधरा दिवसांत दादाला ती ओळ पाठ झाली आणि साहजिकच बागेत पोचली. जलंचं त्यानं जळं केलं, पथ्यंचं पत्यं, आणि राम जसा वनवासात सोडला होता तशी पत्न्यैची विभक्तीही कुठंतरी सोडून आला. शेवटी "ग्रंथात हाय" म्हणून त्यानं हात जोडले. निवृत्त मुख्याध्यापक संशयी माणूस. त्यांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, बाई, हे खरंच कुठं आहे काय? सगळी बाग माझ्याकडं बघत होती. दादाही बघत होता, आणि तो नजर हलवत नव्हता.

आहे, मी म्हटलं. मी स्वतः वाचलंय.

परवा वहिनी खाली येऊन बसल्या होत्या. तब्येत चांगली आहे, चेहरा भरलाय. मी त्यांना विचारलं की इतक्या वर्षांची सवय, तुम्हाला आधी जाग येत नाही काय? येते, त्या म्हणाल्या. रोज येते. मग डोळे मिटून पडून राहतात, गॅस पेटेपर्यंत, पाणी तापेपर्यंत, तो उशाशी येऊन ऊठ म्हणेपर्यंत. मी म्हटलं, वहिनी, एवढं नाटक कशाला?

वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"असं कसं वन्सं," त्या म्हणाल्या. "ग्रंथात हाय म्हटल्यावर मोडायचं कसं?"